मागच्या चाकावरची जागा

आबांच्या ऑफिसात पहिल्यांदा गेले तेव्हा कुठं बसावं तेच कळेना.

धुळ्याच्या कोर्टामागच्या गल्लीत, औषधांच्या दुकानावर त्यांची एक लांबट खोली होती. वकिलाच्या ऑफिसात मधे टेबल असतं, पलीकडे वकील आणि अलीकडे पक्षकार. इथं टेबल पार कोपऱ्यात सारलेलं, आणि खोलीभर दोन-दोन खुर्च्यांच्या रांगा. मधून एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट. सगळ्या खुर्च्यांची तोंडं रस्त्याकडच्या खिडकीकडे. सगळ्यात पुढं उजव्या बाजूला एकच खुर्ची होती. तिच्यावर एक पांढऱ्या केसांचा, काळ्या कोटातला माणूस माझ्याकडं पाठ करून बसला होता.

"बसा ना ताई," तो मागं न बघताच म्हणाला. "जागा दिसेल तिथं."

मी वकिलीची परीक्षा नुकतीच पास झालेली, मूळची पाचोऱ्याची, धुळ्यात मामांकडं राहणारी. मामांनीच सांगितलं होतं, "आबांकडं जा. माणूस जरा न्यारा आहे, पण काम शिकशील." मी तिसऱ्या रांगेत बसले. पर्स मांडीवर घेतली. पंखा हळूहळू फिरत होता, खालून हॉर्नचे आवाज येत होते. मग माझ्या लक्षात आलं की मी बसमध्ये बसले आहे.

आबा फक्त प्रवाशांचे दावे चालवत. बस, जीप, काळी-पिवळी, ज्यात म्हणून माणूस भाडं देऊन बसतो, त्यात बसून ज्याला इजा झाली त्याचे. जमिनीचे, भाऊबंदकीचे, नवरा-बायकोचे खटले आले की शेजारच्या वकिलाकडं पाठवून देत. आणि आलेल्या माणसाला ते कधी अर्जदार म्हणत नसत, जखमी म्हणत नसत. "ताई, प्रवासी आलेत, चहा सांगा," असं म्हणत.

प्रवासी आला की त्याला विचारायचे, कितव्या रांगेत होतात? खिडकीशी की अलीकडं? त्याला त्या खुर्चीवर बसवायचे. डोळे मिटायला सांगायचे. स्वतः पुढच्या खुर्चीवर जाऊन बसायचे आणि विचारायचे, "गाडी सुटली. काय दिसतंय?"

लोक आधी हसत. पायाला प्लास्टर बांधलेला माणूस बरोबरच्या नातेवाइकाकडं बघे, की आपण कुठं आलो. मग हळूहळू सांगू लागे. डेपोच्या फाटकाशी शेंगावाला होता. पुढं कापसाच्या गाड्या लागल्या होत्या. शेजारच्या बाईच्या पिशवीतून मेथीचा वास येत होता. सांगता सांगता चेहऱ्यावर वारा लागल्यासारखं काहीतरी होई. आबा मधूनच एखादा प्रश्न टाकत, तोही अगदी हळू. मी मागं बसून लिहून घ्यायची. चैत्रातल्या दुपारी, पंख्याच्या त्या घरघरीत, मलाही कितीदा वाटलं आहे की खोली चालली आहे, भिंतीवरचं कॅलेंडर मागं सरकतं आहे. एकदा खाली कुणीतरी करकचून ब्रेक मारला तेव्हा खोलीतले चौघंही एकदमच पुढं झुकले होते.

अपघाताचं ठिकाण जवळ आलं की आबा गाडी थांबवत. "बस. उतरा आता. चहा घ्या."

मी एकदा विचारलं, "आबा, मुख्य गोष्ट तर पुढंच आहे ना? अपघात कसा झाला ते?"

"ते पोलिसांनी लिहिलंय, डॉक्टरांनी लिहिलंय. अपघाताच्या अलीकडचं कोणी लिहिलेलं नाही. काय गेलं ते कळल्याशिवाय भरपाई कशाची मागायची?"

कोटाच्या आत त्यांच्या गळ्यात शिंप्याची टेप लोंबत असे. तिनं ते बसच्या पायरीची उंची मोजत, खिडकीची रुंदी मोजत, माणसांचे हात-पाय मोजत. एकदा कोर्टाच्या व्हरांड्यात एका म्हाताऱ्यानं त्यांना पायजम्याचं माप दिलं होतं. आबांनी ते नीट घेतलं, कागदावर लिहून दिलं, आणि कुठला शिंपी चांगला तेही सांगितलं.

रोज सकाळी कोर्टाच्या आधी ते बसस्थानकावर जात. कुठं जायचं नसे. एका खांबाला टेकून चहा पीत आणि निघणाऱ्या गाड्यांना हात करत. ओळखीचं कोणी नसे गाडीत. कुणी एखादं पोर, एखादी बाई गोंधळून उलट हात करी. मग आबा दिवसभर खूश. "आज अमळनेरची गाडी छान गेली ताई," म्हणत.

त्यांच्याकडं वर्षभर काढल्यावर मला पहिल्यांदा कळलं की हे सगळं नुसतं वेड नाही. लग्नाच्या बॅंडमध्ये क्लॅरनेट वाजवणारा एक माणूस होता. जीपनं ब्रेक मारला, समोरच्या दांड्यावर तोंड आपटलं, वरचे दोन दात गेले. विमा कंपनीच्या वकिलांनी उलटतपासात विचारलं, "दात बसवून घेतलेत ना? जेवता येतं ना?" तो म्हणाला, येतं. वकील हसून खाली बसले. आबा उठले आणि न्यायाधीशांना म्हणाले, "साहेब, प्रवाशानं वाद्य सोबत आणलंय. परवानगी असेल तर."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "वाजवा."

त्या माणसानं पिशवीतून क्लॅरनेट काढलं, रुमालानं पुसलं, ओठाला लावलं. बोटं भराभर चालू लागली. गाणं कुठलं ते बोटांवरून आम्हा सगळ्यांना कळत होतं, सगळ्या खानदेशात वरातीत वाजतं ते. पण आवाज येत नव्हता. नुसती हवा. तो डोळे मिटून कडव्यावरून कडव्यावर जात राहिला. पट्टेवाला दाराशी उभा होता, त्याचा पाय ताल धरू लागला होता. पूर्ण गाणं झालं तेव्हाच तो थांबला. विमा कंपनीच्या वकिलांनी पुढं काही विचारलं नाही. निकालात त्याच्या कमाईचं नुकसान धरलं गेलं, नुसत्या दोन दातांचं नाही.

आणि मग अक्का आल्या.

चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचं गाव. पन्नाशीची, उन्हानं रापलेली बाई. उजवा हात कोपरात वाकत नव्हता, बोटांत जोर नव्हता. खाजगी प्रवासी गाडीनं त्या धुळ्याला येत होत्या. धुळं वीस मिनिटांवर असताना एक ट्रक अंगाला घासून गेला आणि खिडकीवरचं कोपर चुरडलं. ट्रक सापडला नाही. बसच्या विमा कंपनीचं म्हणणं होतं की बाईनं हात बाहेर काढला होता, चूक तिचीच. शिवाय ही घरात बसणारी बाई, हिची कमाई ती काय.

आबांनी त्यांना उजवीकडच्या सहाव्या रांगेत बसवलं आणि अहिराणीत म्हणाले, "अक्का, डोया मिटी ले. गाडी सुटनी. काय दिखी राहिनं?"

अक्कांनी डोळे मिटले. "केळीस्ना बाग," त्या म्हणाल्या. बराच वेळ केळीचे बागच चालले होते बहुतेक, कारण त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "नदी उनी." तापी आली होती. तापीच्या पुलावर त्यांनी हात जोडले, म्हणजे डावा हात उजव्याशी नेऊन टेकवला. अमळनेर आलं, गेलं. शेजारची बाई उतरली आणि त्या खिडकीशी सरकल्या.

"आते कसाना इचार करी राहिनी?" आबांनी विचारलं. आता कसला विचार चाललाय?

"पानीना."

त्यांची लेक धुळ्यात दवाखान्यात होती, पहिलं बाळंतपण. आणि अक्का गावात बाळांना न्हाऊ घालणाऱ्या. कुणाच्याही घरी मूल झालं की पहिली आंघोळ यांच्या हातची. तेल चोळून, दोन्ही पाय लांब करून, पायांवर पालथं घालून. गाडीत बसून त्या धुळ्याच्या पाण्याचा विचार करत होत्या. शहराचं पाणी जड असतं म्हणतात, किती तापवावं, डाळीचं पीठ लागेल का साय. नातवंडाला त्या मनात न्हाऊ घालत होत्या आणि गाडी हलत होती.

"बस," आबा म्हणाले. "उतर अक्का. चहा ले."

पण अक्कांनी डोळे उघडले नाहीत. तशाच बसून म्हणाल्या, "हात कसाले भाईर काढा व्हता माय, असं लेक ईचारस."

त्याच दुपारी, त्याच दवाखान्यात, वरच्या मजल्यावर लेक बाळंत झाली होती. खाली अक्कांच्या हाताला डॉक्टर टाके घालत होते. लेकीपाशी कोणी नव्हतं. जावई बोलून गेला होता, यांना साधं खिडकीत नीट बसता येत नाही. लेक काही बोलली नव्हती, फक्त तो एक प्रश्न विचारला होता. तोही एकदाच नाही, गेली दोन वर्षं, भेट होईल तेव्हा. नात दोन वर्षांची झाली होती. अक्कांना तिच्या घरी पाहुण्यासारखा चहा मिळत होता.

आबांनी माझ्या हातातली वही घेतली आणि पहिल्या पानावर स्वतःच्या अक्षरात ते वाक्य लिहिलं. हात बाहेर का काढला होता, माय? मग म्हणाले, "ताई, आपला दावा हा आहे. बाकी सगळं विमा कंपनीशी."

ती गाडी अजून त्याच रस्त्यावर धावत होती. आबा तिच्यात दहा-बारा वेळा बसून आले. शेवटच्या वेळी मला घेऊन गेले. फाल्गुन संपत आला होता. चोपड्यापलीकडं सातपुडा निळसर, धुरकट, जणू कुणी पुसून पुन्हा काढलेला. परतीच्या प्रवासात मी अक्कांच्या जागेवर खिडकीशी बसले, आबा शेजारी. ती जागा मागच्या चाकावर होती. खालचा पत्रा उंच, गुडघे पोटाशी येत. खिडकीची काच अडकलेली, बंद होत नव्हती. तापी ओलांडली. अमळनेरनंतर ऊन तिरपं झालं, शेतांत काढलेल्या गव्हाचा पिवळा रंग उडत होता, माझे डोळे जड झाले. वळणं येत होती, जात होती.

"ताई," आबा अगदी कानाशी म्हणाले. "हलू नका. तुमचा हात कुठं आहे बघा."

मी बघितलं. माझा उजवा हात खिडकीच्या खालच्या पट्टीला घट्ट धरून होता आणि कोपर बोटभर बाहेर होतं. मी कधी धरलं ते मला माहीत नव्हतं. समोरच्या सीटच्या पाठीला धरायची दांडी असते, ती तिथं नव्हती. नुसती दोन भोकं राहिली होती. त्या उंच जागेवर वळण आलं की दुसरं धरायला काही नव्हतंच.

आबांनी टेप काढली. माझं कोपर, पट्टी, भोकं, सगळं मोजलं. फोटो काढायला लावले. मग टेप गुंडाळत बसले आणि बाहेर बघत सांगू लागले. तेवढं एकदाच त्यांनी स्वतःबद्दल सांगितलं.

"मी आधी विमा कंपन्यांच्या बाजूनं होतो, ठाऊक आहे? पुष्कळ वर्षं. हात बाहेर होता, हा मुद्दा खानदेशात माझ्याइतका छान कोणी मांडत नसे. पारोळ्याकडचा एक माणूस होता. त्याचा दावा मी याच मुद्द्यावर पाडला. पुढं कधीतरी गाडीला गर्दी होती, मी उभा. एक जण उठला आणि म्हणाला, बसा वकीलसाहेब. सदऱ्याची एक बाही खिशात खोचलेली. मी ओळखलं. त्यानं तर आधीच ओळखलं होतं."

"मग?"

"मग काय, बसलो. नाही कसं म्हणणार? धुळ्यापर्यंत तो एका हातानं वरचा दांडा धरून उभा, आणि मी बसलेला. राग नव्हता हो त्याच्या तोंडावर. मी त्याला विचारलं, त्या दिवशी तुम्ही कुठं चालला होतात? तर म्हणाला, साहेब, हे मला कोर्टात कोणी विचारलंच नाही."

कुठं चालला होता ते आबांनी मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. गाडीत ऊन खूप आत आलं होतं.

अक्कांची साक्ष झाली तेव्हा विमा कंपनीच्या वकिलांनी विचारलं, "तुम्ही कामधंदा काय करता?"

"मी न्हाना पोरेसले न्हावाडस."

"म्हणजे लहान मुलांना आंघोळ घालता. त्याचे पैसे किती मिळतात?"

"पैसा कसाना भाऊ? कोणी लुगडं देस, कोणी दाणा देस."

"म्हणजे कमाई नाही." वकील बसले.

आबांनी एकच प्रश्न विचारला. "अक्का, आतापर्यंत कोणाकोणाले न्हावाडं?"

अक्कांनी डोळे मिटले. मग नावं घेऊ लागल्या. घरवार, गल्लीवार, वरच्या टोकाच्या घरापासून. सुनीलना दोन्ही, मंगलनी तिन्ही, पोलिसात लागला तो, सासरी सुरतला गेली ती, उपजताच निळं पडलेलं होतं ते, जे चोळून चोळून रडवलं. स्टेनो थांबून न्यायाधीशांकडं बघू लागली, नावं घ्यायची का सगळी? न्यायाधीश म्हणाले, "घ्या." आणि ती घेत राहिली. कोर्टात टाइपचा आवाज आणि ती नावं, बस. एक अख्खं गाव एकेक करून ओल्या अंगानं आत येऊन उभं राहिल्यासारखं मला वाटत होतं.

पुढच्या तारखेला बसचा ड्रायव्हर साक्षीला आला. कंपनीनंच आणला होता. बाईचा हात बाहेर होता, असं त्यानं सांगितलं. आबा उठले, फोटो त्याच्यापुढं ठेवला.

"दादा, ही जागा तुमच्या गाडीतली?"

"हो."

"दांडी कधीपासून नाही?"

त्यानं कंपनीच्या वकिलांकडं बघितलं.

"बरं, ते राहू द्या. इथं बसलेल्या माणसानं वळणावर धरायचं कशाला, तेवढं सांगा."

ड्रायव्हरनं फोटोकडं पुष्कळ वेळ पाहिलं. कंपनीचे वकील उठू लागले होते. तेवढ्यात तो म्हणाला, "खिडकीलाच धरावं लागतं साहेब. माझी बायको बसते तिथं कधी कधी. ती पण तिथंच धरते."

एवढं बोलून त्यानं टोपी काढून हातात घेतली. त्याची नोकरी पुढं राहिली की गेली, याची आबा नंतर कितीतरी महिने चौकशी करत होते. राहिली होती.

निकाल लागला. चूक अक्कांची धरली नाही. न्हाऊ घालण्याचं काम हे काम आहे, असं न्यायाधीशांनी लिहिलं. विमा कंपनीनं रक्कम कोर्टात भरायची होती. निकालाची नक्कल घेऊन अक्का ऑफिसात आल्या तेव्हा रक्कम त्यांनी विचारलीसुद्धा नाही. विचारलं एवढंच, "मनी चूक नही, असं यामां लिखेल शे का?" माझी चूक नाही, असं यात लिहिलंय का?

"शे," आबा म्हणाले.

"कथं?"

आबांनी बोट ठेवून ओळ दाखवली. अक्कांना वाचता येत नव्हतं. त्यांनी त्या ओळीवर आपल्या डाव्या हाताचं बोट ठेवलं, उचलेनात. मग म्हणाल्या, "लेकले वाची दाखाडशी का?"

आबांनी कोट घातला. मला म्हणाले, "ताई, चला." त्या दिवशी दुपारी त्यांची दुसरी एक तारीख होती. ती त्यांनी पुढं ढकलून घेतली. मी त्यांच्याकडं होते त्या सगळ्या वर्षांत त्यांनी तारीख पुढं मागितल्याची तेवढी एकच वेळ. आता आबा नाहीत, मी जळगावला स्वतःचं काम करते, आणि तारीख मागायला उभी राहिले की दरवेळी मला ती दुपार आठवते.

लेकीचं घर धुळ्यातच, देवपुरात, दोन खोल्यांचं. जावई कामावर गेला होता. लेक दारात आली, आम्हाला बघून घाबरली. काळे कोट बघून कोणीही घाबरेल. आबा जमिनीवरच मांडी घालून बसले, चष्मा लावला आणि निकाल वाचायला लागले. इंग्रजी ओळ वाचायचे आणि ती अहिराणीत सांगायचे, घाई न करता, जणू आधीपासून तशीच लिहिलेली असावी. दांडी नव्हती, हे सांगितलं. काच बंद होत नव्हती, हे सांगितलं. ड्रायव्हर काय म्हणाला ते सांगितलं. वळणावर धरायला दुसरं काही नव्हतं. मग त्या ओळीपाशी आले.

"अक्कानी काहीच चूक नही," ते म्हणाले. आणि पुन्हा एकदा म्हणाले.

लेक दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिच्या कडेवर मुलगी होती, तोंडात बोट घालून आमच्याकडं बघत. अक्का भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या, पदर ओठांवर. बाहेरून भांडीवाल्याची हाक आली आणि गेली.

लेक खाली बसली. आईच्या त्या न वाकणाऱ्या हाताला तिनं हात लावला, मला वाटतं पहिल्यांदाच, आणि म्हणाली, "माय, त्या दिन मी तुले कितल्या हाका मार्‍यात."

अक्का वळल्या.

"बठ्ठ्या ऐकू उन्यात माले," त्या म्हणाल्या. सगळ्या ऐकू आल्या होत्या.

आबांनी कागद घडी करून हळूच तिथं जमिनीवर ठेवले. मला डोळ्यांनी खुणावलं. आम्ही दोघं बाहेर आलो. आबांना चपला सापडेनात. समोरच होत्या.